शेवटची कडी

४ डिसेंबर, गुरुवार

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. येथे सर्व ठीक. गुडघे कुरकुरतात, पण अजून संपावर गेलेले नाहीत. थंडी वेळेवर आली आहे. तुझी प्रकृती उत्तम असावी, असे मी गृहीत धरते. गृहीत धरण्यापलीकडे विचारपूस मी केलेली नाही.

पत्राचे निमित्त सांगते. तुझी लेक गेले तीन मंगळवार माझ्याकडे येते आहे. तिने तुला कळवले नसेल, कारण तसे मीच बजावले होते. दोष माझा, तिला बोलू नकोस.

दुकानांच्या काचेआडची सजावट हा तिचा व्यवसाय, हे मला तिच्याकडूनच कळले. यंदा सर्वांना जुन्या घरांतल्यासारखी आरास हवी आहे म्हणे. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, आजीची ट्रंक आहे का अजून? आता जुनं तेच नवं आहे." मी म्हणाले, हे विधान स्वतःलाच खोडते. ती म्हणाली, "खोडू दे. ट्रंक कुठाय?" पोरगी थेट तुझ्यावर गेली आहे.

ट्रंक उघडली. सोनेरी रंग दिलेली अक्रोडाची टरफले, खळीत बुडवून ताठ केलेल्या क्रोशाच्या चांदण्या, चहाच्या पुड्यांतल्या चंदेरी कागदाचे पक्षी, सगळे जागच्या जागी. आरशावर अक्रोडाचे टरफल टांगले की घरात भांडण होत नाही, हे आईचे म्हणणे मी लेकीला सांगितले. तिने टरफले मोजली. एकोणीस निघाली. "आणि तरीही तुम्ही दोघी?" म्हणाली. मी टरफले पुन्हा मोजली.

तळाशी कागदी साखळ्या होत्या. एकेका वर्षाची साखळी वर्तमानपत्रात गुंडाळून वर आईच्या अक्षरात साल. तुला आठवतच असेल. तरी मुद्द्याची मांडणी पूर्ण व्हावी म्हणून लिहिते. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी आई जुन्या कॅलेंडरांच्या, वह्यांच्या पट्ट्या कापायची आणि आपण कडीत कडी घालत जायचो. शेवटची कडी दोन्ही टोके जोडणारी. ती घरातल्या धाकट्यानेच चिकटवायची, म्हणजे तू. आणि ती पिवळीच हवी. दुसऱ्या कुणी किंवा दुसऱ्या रंगाने बंद केली तर अंधार पाहुण्यासारखा दारात रेंगाळतो, उठायचे नाव घेत नाही, असे आई म्हणायची. मी तर्कशास्त्र शिकू लागल्यापासून या समजुतीवर माझा राग होता. चौतीस वर्षे मुलांना शिकवले, की एखादा नियम खोटा ठरवायला एकच विरुद्ध उदाहरण पुरते. ते उदाहरण घरातच घडवावे, असे मला अकरा वर्षांपूर्वी वाटले.

त्या दुपारी तू दोन तास उशिरा आलीस. आई म्हणत होती, "थांब गं जरा, येईल ती." खळ वाळू लागली होती. मी निळ्या पट्टीने साखळी बंद केली. तू दारात आलीस, बारा वर्षांच्या लेकीचा हात धरून, आणि साखळीकडे पाहिलेस. मी एक वाक्य बोलले. ते मी इतकी वर्षे एक सर्वसाधारण विधान म्हणून सांभाळले आहे. "कुणावाचून काही अडत नाही." तू म्हणालीस, "बरं झालं सांगितलंस, ताई," आणि चप्पलसुद्धा न काढता परत गेलीस. आईच्या अंत्यदर्शनाला आलीस तेव्हाही उंबऱ्याच्या आत आली नाहीस.

त्या वर्षी थंडी नेहमीसारखीच सरली. मी आईला म्हणाले, "बघ, अंधार उठून गेला की नाही?" आई काही बोलली नाही. मी त्याला संमती समजले.

आता तुझी लेक. दुसऱ्या मंगळवारी तिने त्या सालची साखळी उलगडली आणि म्हणाली, "मावशी, ही जोडलेलीच नाहीये." मी म्हणाले, मी स्वतः जोडली आहे. तिने साखळी माझ्या हातात दिली. निळी कडी आईच्या भरतकामाच्या कात्रीने नीट, सरळ कापलेली होती आणि कापलेली पट्टी टोकाला पिन लावून जपलेली. मग आम्ही आई जाईपर्यंतच्या पुढच्या चारही वर्षांच्या साखळ्या उलगडल्या. एकही बंद नव्हती. त्या चार वर्षांत आई साखळी वर्तुळात न बांधता खिडकीवर आडवी टांगायची. मला वाटायचे, हात थकले तिचे.

म्हणजे माझा प्रयोग झालाच नव्हता. साखळी बंद झाली नव्हती, आणि मी बंद साखळीवरून निष्कर्ष काढून बसले होते. विद्यार्थ्याने अशी उत्तरपत्रिका दिली असती तर मी शून्य दिले असते आणि वर बोलावून घेतले असते.

लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही डोके वर न करता, पट्ट्या कापत. "त्या दिवशी उशीर उगाच नव्हता झाला. आई पिवळा कागद शोधत होती. चार दुकानं फिरलो. माझ्या कोटाच्या खिशात होता तो, घरी परत जाईपर्यंत."

तू तेव्हा कारण सांगितले नाहीस. मी विचारलेही नव्हते.

याहून लांब प्रस्तावना मला करता येईल, पण ती पळवाट ठरेल. ते वाक्य सर्वसाधारण नव्हते. ते तुझ्याविषयी होते, तुला उद्देशून होते, तुला लागावे म्हणून होते. आणि ते असत्य होते. अडले. आईचे चार वर्षे अडले, तिने शब्दही काढला नाही. माझे अकरा वर्षे अडले आहे. माझे चुकले, धाकटे.

लेक आणि मी यंदाची साखळी केली आहे. एकशे चाळीस कड्या. तिच्या दुकानांसाठी नव्हे; दुकानांसाठी तिने नमुने नेले. ही घरची आहे. शेवटची कडी राहिली आहे. मी लेकीला म्हणाले, आता वयाने तूच सर्वांत धाकटी, तूच लाव. ती म्हणाली, "आजीनं ती जागा माझ्यासाठी नाही ठेवली." या युक्तिवादात मला दोष सापडला नाही, आणि असे क्वचित घडते, हे तू जाणतेस.

सर्वांत लहान दिवस यंदा रविवारी येतो, एकवीस तारखेला. पिवळा कागद मी आणलेला नाही. लेकीलाही आणू दिलेला नाही. ते काम तुझे. चार दुकाने फिरावी लागली तरी फिर. खळ मी ओले फडके टाकून झाकून ठेवीन. कितीही उशीर झाला तरी साखळीला हात लावणार नाही.

लहानपणी तू मला 'अतएव ताई' म्हणून चिडवायचीस. म्हणायचीस, "ही कधी सरळ ये म्हणणार नाही. आधी तीन कारणं देईल, मग अतएव." कारणे वर दिली आहेत.

अतएव, ये.

तुझी,
थांबलेली ताई