सुबी कोणत्या कुळाची?

जिंजा, ३ मार्च

ती. एरिसाकाकांस मिरेंबेचा सा. न. वि. वि.

सुबीसाठी खऱ्याखुऱ्या माहितीचं चित्रपुस्तक सुचवा म्हटलं, तर तुम्ही चिखलमाशाचंच धाडलंत! पाच वर्षांची पोर दुसरं काही ऐकत नाही. कोरड्या चिखलात हा मासा महिनोन्‌महिने झोपतो, हे तिनं दूधवाल्यालाही थांबवून ऐकवलं. इथवर ठीक. पण काल शेजारणीनं चिखलमाशाचं कालवण वाढलं, तर ताट सारून म्हणाली, आमचं देवक आहे, आम्ही खात नाही.

काका, ते देवक तुमचं-माझं, माझ्या माहेरचं. तिचं बापाकडचं, अळंबीचं! ईस्टरला मसाकात सासरे तिला भाऊबंदांपुढं उभी करून कूळ विचारणार. चिखलमासा म्हणाली, की सासूबाई म्हणतील, आजोळानं पोर पळवली. हे नुसते हसतात. मला घाम फुटलाय. अळंबीचं पुस्तक सुचवा, लवकर.

लोभ असावा, चिखलमासे मात्र पुरेत.

एन्तेब्बे, ९ मार्च

चि. मिरेंबेस अनेक आशीर्वाद.

हसून पोट दुखलं गं! दुकानदाराकडं हत्ती आहे, बिबट्या आहे. म्हणाला, आजोबा, अळंबी ना धावत ना गुरगुरत, कोण छापणार? मग मीच चितारलं. वारुळातली वाळवी आपल्या अळंबीची शेती करते, हे रंगवता रंगवता आमचा जुना वर्ग डोळ्यांपुढं आला. झुलत झुलत कविता म्हणणारी पोरं, खिडकीबाहेर आंब्याचा मोहोर... आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी आपसूक उतरल्या. तिसऱ्या पानावर अळंबी लाजते. मला तरी गोड वाटलं.

लोभ आहेच, सुबीलाही त्यातला घास द्यावा.

जिंजा, १२ एप्रिल

ती. काकांस सा. न. वि. वि.

रागावू नका, पण अळंबी लाजत नाही, काकाआजोबांना एवढंही ठाऊक नाही का, असं म्हणून सुबीनं तुमच्या ओळींवर कागद चिकटवले. चित्रं मात्र उशाशी घेऊन झोपते.

मसाकात सगळे जमले. सासऱ्यांनी कूळ विचारलं. पोरीनं आधी माझ्याकडं पाहिलं. माझा जीव टांगणीला. मग खणखणीत म्हणाली, अळंबीचं. सासूबाईंनी उचलून मुकेच घेतले. मी सुटकेचा श्वास टाकते तोच पोरीनं पुढं विचारलं, वाळवी आपली अळंबी पिकवते, तर ती आपली कोण?

सासऱ्यांच्या मुठीत तळलेली वाळवी होती. हात तोंडाशीच थांबला. सगळ्या भाऊबंदांनी आपापल्या ताटांकडं पाहिलं. शेवटी सासरे म्हणाले, सूनबाई, काकांना लिही, पुढलं पुस्तक आगगाडीचं पाठवा. ती आम्ही खात नाही.

तुमची लाडकी,
मिरेंबे