मामांची निळी गाडी आणि माझे पांढरे दिवे

आदरणीय मामा हाज मेतवल्ली यांच्या सेवेशी, दमनहूरहून भाचा फिक्री याचा सलाम.

पायाचं प्लास्टर कसं आहे? ठणका कमी झाला का? मामी मसुराचं कढण वेळेवर देतात ना? (फोनच करायला हवा होता, पण तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे पत्र.) मंगळवारी सूर्यास्ताच्या नमाजानंतर समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपून तुमची गाडी कालव्यात गेली, हे मला गुरुवारी कळलं. तो नालायक सापडेपर्यंत दाढी करणार नाही, अशी शपथ तुम्ही घेतल्याचंही कळलं. माझ्या इब्तिहालच्या लग्नापुरती तरी करा हो. मामाआजोबा आल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही, असं पोरीने निक्षून सांगितलंय, आणि ती तुमच्यासारखीच हट्टी आहे.

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर माझीही रड ऐका. हल्ली ज्याच्या त्याच्या गाडीला पांढरेफटक दिवे. समोरून आले की मला रस्ता दिसत नाही, कड दिसत नाही, आणि गाढव तर अंगावर आल्यावरच दिसतं. म्हणून मीही उस्ता बंदारीकडून (तोच गॅरेजवाला, ज्याने बसवलेला तुमचा हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजतो) तसलेच बसवून घेतले. जुने त्याने परस्पर विकून टाकले. बुधवारी परवान्याचं नूतनीकरण करायला वाहतूक कचेरीत गेलो. आग विझवायचं नळकांडं शेजाऱ्याचं, बंद पडलेल्या गाडीमागे ठेवायचा लाल त्रिकोण मेव्हण्याचा, प्रथमोपचाराची पिशवी आमच्या हिच्या, नजातच्या, शाळेतली. (सगळे असंच नेतात. तपासनीस तर आता त्या पिशवीला ओळखतो.) सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्याने दिवे लावायला सांगितले आणि डोळ्यांवर हात धरून चार पावलं मागे सरकला. "काका, ही मोटार आहे की दीपस्तंभ?" म्हणाला. "कंपनीचे दिवे लावून आणा. नाहीतर नंबरपाट्या इथे ठेवायच्या आणि पायी घरी जायचं."

आठ दिवसांची मुदत दिली आहे, म्हणजे येत्या बुधवारपर्यंत. गुरुवारी लग्न, आणि नवरी याच गाडीतून जायची आहे. मामा, मला भीती वाटते. पाट्यांची वाटते, आणि दुसरीही एक आहे, तिचं नंतर सांगतो. नजातला म्हटलं, छाती धडधडते. तर म्हणते कशी, "लोकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकवताना नाही धडधडली ती?"

तब्येतीला जपा. मामींना सलाम.

तुमचा,
फिक्री

ता.क. : तुमची गाडी आणि माझी एकाच घडणीची, एकाच वर्षाची. ती महिनाभर गॅरेजातच असणार, म्हणजे तिचे दिवे रिकामेच. फुटले नसतील तर पत्र आणणाऱ्याकडे द्याल का? तपासणी पार पडली की तेच दिवे लावून तुम्हाला लग्नाला न्यायला मी स्वतः येईन. हळू चालवीन.

दुसरा ता.क. : मंगळवारी मीही कालव्याच्याच रस्त्याने येत होतो. लांबून तुमची निळी गाडी ओळखली आणि आपल्याकडची रीत म्हणून दिवे दोनदा मोठे करून मामांना सलाम केला. तुम्ही उलट दिवे मिचकावले नाहीत. मामा आता भाच्याला ओळखही देत नाहीत, म्हणून दोन दिवस मी तुमच्यावर रुसून होतो. गुरुवारी सगळं कळलं.

मामा, दाढी करून टाका. तो माणूस सापडलाय.