शिआनच्या तटावरची सायकल

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०१४
पनवेल

चीनमधल्या शिआनच्या गाईडबाईंची मेल आली. बाकी सगळं कबूल, फक्त तिथल्या जुन्या तटावर सायकल नको म्हणतात. तुमच्या वयाला बॅटरीची गाडी बरी. माझं वय कुणी कळवलं? आमच्या ह्यांनीच. अजून म्हणतात, "ग्रुप टूरने जाऊ, वरणभात तरी मिळेल." वरणभात इथे रोज खातोच की. मला त्या तटावर सायकल चालवायचीय, बास.

संध्याकाळी शेजारच्या पोरीची सायकल घेतली आणि कामोठ्यापर्यंत जाऊन आले. गुडघा दुखतोय, पण ते बाईंना कशाला सांगा. परतले तर हे फाटकातच उभे. म्हणाले, "लिही त्यांना, सायकली दोन लागतील."

ह्यांना सायकल येते? इतक्या वर्षांत कधी पाहिली नाही. उद्या कळेलच.