सहस्रकुंडाचा कोकीळ

गुरुजी, परवा मी सहस्रकुंड पाहिले. वयाच्या पंचाहत्तरीत, नातीचा हात धरून. आपल्या लेखी मात्र मी ते सातवीतच पाहिले होते.

देगलूरच्या शाळेत आपण 'मी पाहिलेला धबधबा' हा निबंध दिला होता. आमच्यापैकी कोणीही धबधबा पाहिलेला नव्हता. इतरांनी गाइडातला निबंध उतरवला. मी काकांकडून ऐकलेल्या सहस्रकुंडाचे नाव घेऊन स्वतः रचला. त्यात शुभ्र तुषार होते, नीरव शांतता होती आणि त्या शांततेत गाणारा एक कोकीळही होता. आपण मूळचे सहस्रकुंडाजवळच्या इस्लापूरकडचे, हे मला वही दिल्यानंतर कळले. आपण मला उभे केले आणि कोकीळ कोणत्या झाडावर बसला होता, एवढेच विचारले. मी न अडखळता म्हणालो, "आंब्याच्या." आपण मान डोलावली आणि दहांपैकी नऊ गुण दिले. त्या गुणांच्या बळावर मी मराठीचा शिक्षक झालो. लातूरच्या वर्गांना तो निबंध तीस वर्षे नमुना म्हणून सांगितला, पण सहस्रकुंडाकडे कधी फिरकलो नाही. पाहून आलो असतो, तर निबंध बदलावा लागला असता. गेल्या वर्षी तो नातीलाही लिहून दिला, आणि मग तिनेच हट्ट धरला, की आबांनी पाहिलेली जागा मला पाहायची आहे.

सागाच्या जंगलातून आम्ही पोचलो, तेव्हा पैनगंगा काळ्या खडकांवरून असंख्य धारांनी कोसळत होती. नात माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "आबा, इथं कोकीळ कसा काय ऐकू आला ओ तुम्हाला?"

'तेव्हा पाणी कमी होते,' हे उत्तर जिभेवर तयार होते. तरीही मी तिच्या कानात ओरडून सांगितले, "मी इथे पहिल्यांदाच आलो आहे."

ती इतकी हसली, की तिला कठडा धरावा लागला. "म्हंजे नुसतं फेकलं तुम्ही? अन् मला एकेक ओळ पाच-पाच डाव लिहायला लावता." एरवी अशा बोलण्यावर मी तिला टोकले असते. परवा टोकले नाही. आम्ही दोघे चिंब होईपर्यंत तिथेच उभे राहिलो, आणि मला फार बरे वाटले.

हे पत्र वहीतच राहील. एक गोष्ट तेवढी कबूल करतो. नऊ गुणांच्या खाली आपण बारीक अक्षरांत 'एकदा जाऊन ये' असे लिहिले होते. वडिलांना वही दाखवताना मी त्या शब्दांवर अंगठा ठेवला होता.