भिंतीवरचे एकोणीस एक

मी, तिघा भावंडांतला धाकटा, दारांवरच्या पितळी आकड्यांना कानस मारणारा, शाळा आठवीत सुटलेला, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझे अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, यात कोणी मरत नाही. मी विचारले, कोणीच नाही? ते क्षणभर थांबले. तो क्षण मला पुरला.

कलम एक. माझ्या कानसा ताईला, सायकल दादाला. माझी छत्री समोरच्या घड्याळवाल्याला. ती बऱ्याच दिवसांपासून त्याच्याकडेच आहे; आता निदान तो ती चारचौघांत उघडेल.

कलम दोन. वडिलांनी आकडे ओतायचा कारखाना तिघांच्या नावे ठेवला. दादा आणि ताईला वाटणी हवी आहे. मधोमध भिंत घातली तर ती भट्टीवरून जाते, म्हणून मी सही देत नाही. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. ताई समोर बसलेली असताना दादा मला म्हणतो, "तिला सांग, चहा निवला."

कलम तीन. मध्यंतरी एका लॉजचे काम आले, खोल्या १०१ ते ११३. जास्त लागणारा आकडा आधी ओतायचा ही आमची रीत. या कामाला एकोणीस एक लागत होते. ते दादाने सकाळी ओतले आणि ताईने दुपारी पुन्हा ओतले. सांगणार कोण? मी दात काढायला गेलो होतो. उरलेल्या एकोणीस एकांचीही वाटणी निघाली, तेव्हा मी ते सगळे भिंतीवर एका ओळीत ठोकून टाकले:

११,११,११,११,११,११,११,११,१११

(स्वल्पविराम वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. भिंतीवर नाहीत.)

आमची आत्या गणिताची शिक्षिका होती. तिने उजवीकडून स्थाने म्हटली, एकं, दहं, शतं, करत परार्धापर्यंत. अठरा झाली, डावीकडचा एक उरलाच. त्या जागेला आपल्या पाढ्यात नावच नाही म्हणाली. सेकंदाला एक याप्रमाणे ही संख्या मोजायला साडेतीन हजार कोटी वर्षे लागतात. सूर्य त्याच्या कितीतरी आधी विझेल, म्हणजे बरेचसे मोजणे अंधारात.

शिवाय ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. मी खात्रीसाठी तीन, सात, अकरा, तेरा आणि सदतीसने भागून पाहिले. प्रत्येक वेळी बाकी एक. पुढचे भागाकार आत्याने मला करू दिले नाहीत.

कलम चार. माझा हिस्सा दादा आणि ताईला मिळून. भिंतीवर एकोणीस एक आहेत तोवर कारखान्याची वाटणी करू नये. करायचीच असेल तर विसावा एक ओळीत ठोकावा. वीस एकांच्या संख्येला अकराने नेमका भाग जातो. मग तुमचीही वाटणी होऊ द्या. मात्र तो एक दोघांनी मिळून ओतावा. एकाने मूस धरायची, दुसऱ्याने साचा भरताच "बस" म्हणायचे. तोंडाने. हातवारे चालणार नाहीत.

कलम पाच. वरील मजकूर वाचून दाखवल्यावर जे घडले ते नोंदवतो.

ताई म्हणाली, "मूस मी धरेन. तुझा हात हलतो."

"माझा?" दादा म्हणाला. "तो चौथा एक बघ, किती वाकडा आलाय."

"तो तुझाच आहे."

दोघे भिंतीपाशी गेले आणि एकेक आकडा कोणाचा यावरून भांडू लागले. मधे मला कोणी घेतले नाही. शेवटी दादा म्हणाला, "ओतू, पण त्याला कानस कोण मारणार? आधी हा घरी येऊ दे."

"येईल," ताई त्याला म्हणाली. "चल, चहा निवला."

सबब कलम चार कायम ठेवून, मी परत यायचे ठरवले आहे.

सही: धाकटा
साक्षीदार: १. आत्या. २. समोरचा घड्याळवाला (ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे कळल्यावरून छत्री आजच परत केली).
स्थळ: भट्टीशेजारचे टेबल
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस