नवव्या गाण्यातली आरोळी

ती. दादास,

धाकट्या मामेभावाचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण मी एकदा आडवा झालो की मला उभं करायला दोन माणसं लागतात आणि आत्ता घरात आई एकटीच आहे, तेव्हा उभ्यानेच मानून घे. इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या घशाची चौकशी करायची होती, पण घशाचं नाव काढलं की तू पेपर उघडून तोंडासमोर धरतोस असं वहिनीकडून कळलं, म्हणून घसा सोडून बाकीची तब्येत कशी आहे ते कळव. आई (म्हणजे तुझी मामी) रोज विचारते की तो येत का नाही. मी सांगतो, त्याला काम असतं. निवृत्त माणसाला कसलं काम, असं ती विचारते.

चौदा महिने आपण एकमेकांशी बोललो नाही. एकतीस वर्षं एका बँडमध्ये हार्ड रॉक वाजवून आपल्याला भांडायला विषय काय मिळाला, तर खुर्ची. तू दवाखान्यातल्या पेशंटच्या रांगेतली एक खुर्ची ओढलीस आणि बसून गायला लागलास. आपला गिटारवाला डॉक्टर म्हणाला, हार्ड रॉक उभ्याने गातात, बसून फक्त दात काढतात. (तो दातांचा डॉक्टर असल्याने त्याला दुसरी उपमा सुचत नाही आणि दुसरी जागा नसल्याने आपण एकतीस वर्षं त्याच्याच दवाखान्यात सुट्टीच्या दिवशी सराव करतो, हे तुला मी कशाला सांगू.) तू उठलास, खुर्ची काखेत मारलीस आणि चालता झालास. तेव्हापासून पाच खुर्च्यांच्या जागी चार आहेत आणि एक पेशंट सुजलेला गाल धरून उभा असतो. डॉक्टरने नवीन खुर्ची घेतलेली नाही. मी विचारलं तर म्हणाला, ती जागा त्याची आहे.

आता नव्या गायकाबद्दल. तुझ्या कानावर आलंच असेल, पण माझ्याकडून ऐक. हा मनुष्य गाडी चालवायला शिकवतो. अठरा वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून दिवसाला शंभर वेळा ‘ब्रेक’ असं ओरडल्याने त्याचा घसा असा काही तयार झाला आहे की पहिल्याच दिवशी तो ओरडला आणि आपल्या ड्रमवाल्याने घाबरून दोन्ही पाय दाबले. स्वभावाने मात्र अगदी गाय. स्टेजवर डावीकडे जायचं असेल तर आधी खांद्यावरून मागे वळून बघतो, मग हात दाखवतो, मग वळतो. गाणं संपलं की प्रेक्षकांचे आभार मानतो. आपल्या प्रेक्षकांचे एकतीस वर्षांत कुणी आभार मानलेले नव्हते, त्यामुळे पुढच्या रांगेतले काहीजण नाराज होऊन उठून गेले. तुझ्याबद्दल बोलताना तो ‘ते’ म्हणतो. डॉक्टरला वाटायचं तो कुणा देवाबद्दल बोलतोय.

अल्बम करायला बसलो आणि घोडं पेंड कुठे खायला लागलं ते सांगतो. सगळी नऊ गाणी आपण तू असताना बांधलेली, प्रत्येक स्वर पाठ, तरी वाजेना. तीन आठवडे नुसता गोंधळ. शेवटी ड्रमवाल्याने (नळदुरुस्तीची पिशवी आवरता आवरता, खाली मान घालून) कबूल केलं की त्याला ताल धरता येत नाही. तू ओळ सुरू करण्याआधी जे खाकरतोस ना, त्या खाकरण्यावर तो एकतीस वर्षं ताल धरत होता. आणि नवा गायक खाकरतच नाही, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या करतो. मग डॉक्टरने तू जाण्याआधी भरून ठेवलेल्या कच्च्या गाण्यांच्या फिती कपाटातून काढल्या. आम्ही तुझा आवाज कानाला लावून त्याच फितींवर आपापला भाग भरायला लागलो आणि दोन दिवसांत नऊच्या नऊ गाणी हातावेगळी झाली. त्यावर नवा गायक गायला. मग डॉक्टर एकेका गाण्यातून तुझा आवाज बंद करत गेला. ते काम त्याने दवाखान्याचं दार लावून एकट्याने केलं. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता आणि औषधाचा वास डोळ्यांत गेला म्हणाला. त्या दिवशी दवाखाना बंद होता.

अल्बम बाहेर आला आणि आपल्या चाहत्यांचे दोन तट पडले. अर्धे म्हणतात हा बँडचा पुनर्जन्म आहे, अर्धे म्हणतात ही तेराव्याची तयारी आहे. मी जिथे लिफ्ट दुरुस्त करतो त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आणि सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ या अल्बमवरून एका लिफ्टमध्ये चढत नाहीत, त्यामुळे ती निष्कारण दुप्पट चालते आणि माझ्या कामात भर पडते. घरीही तेच. माझी बायको नव्याच्या बाजूने आहे, आई तुझ्या. (आईने अल्बम ऐकलेला नाही. ऐकायची गरज काय, असं तिचं म्हणणं आहे.)

पण सगळ्यांत कडक टीका इंटरनेटवर ‘एक निराश श्रोता’ या नावाने कुणीतरी लिहिली. तब्बल अकरा परिच्छेद. हे गृहस्थ प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात ‘वास्तविक पाहता’ने करतात. दादा, वास्तविक पाहता जगात असं लिहिणारा एकच माणूस मला ठाऊक आहे आणि त्याने मला सातवीत निबंध लिहून दिला होता, ज्याबद्दल मला पट्टी खावी लागली होती. नाव बदललंस, सवय कशी बदलशील? त्यात तू नवव्या गाण्याच्या शेवटच्या आरोळीबद्दल जे लिहिलं आहेस ते मला तोंडपाठ आहे: ‘वास्तविक पाहता ही आरोळी नसून दाराच्या फटीत शेपूट सापडलेल्या मांजराचा आक्रोश आहे. या गृहस्थांनी जुन्या गायकाकडून चार दिवस शिकवणी घ्यावी.’ नव्या गायकाने ते वाचलं आणि विचारलं की ‘ते’ शिकवणी देतील का.

मी तुझ्यावर रागावलो नाही. रागावलो ते दुसऱ्या गोष्टीवर. भांडण झालं त्या दिवशी सकाळी तू घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होतास, हे मला वहिनीने आत्ता सांगितलं. उभ्याने गाताना दम पुरत नव्हता म्हणून खुर्ची घेतलीस, हे त्या वेळी एका शब्दाने बोलला नाहीस. आम्ही कीव करू म्हणून भांडण उकरून काढलंस. अरे, आम्ही कीव कशी करणार? आमच्यातला एक दुसऱ्याच्या खाकरण्यावर जगतोय, एकाला खुर्ची विकत घेववत नाही आणि मी हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. तुझी आठवण येते, एवढं लिहायला मला इतका कागद लागला.

पत्र फार लांबलं. वहिनीला नमस्कार. तुझं उत्तर येणार नाही हे मी धरून चाललो आहे, पण आलं तर पाकीट वाया गेलं असं समजणार नाही.

तुझा मामेभाऊ
(बेसवाला)

ता.क. एक राहिलंच. डॉक्टरने आठ गाण्यांतून तुझा आवाज आठवणीने बंद केला. नवव्याच्या शेवटी विसरला. (विसरला असं तो म्हणतो.) नव्या गायकाने तिथे नुसताच श्वास घेतलेला आहे. ती आरोळी तुझी आहे, दादा. जिच्यासाठी अर्धे लोक नव्याला डोक्यावर घेऊन नाचताहेत आणि अर्धे म्हणताहेत की जुना असता तर अशी वेळ आली नसती, ती तुझीच. लोक म्हणतात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तू स्वतःच्या बाब्याला चारचौघांत कार्टं म्हणून बसलास. माझ्या मते ती तुझी आजवरची सगळ्यांत चांगली आरोळी आहे. अकरा परिच्छेद मागे घे.

ता.क. २. नव्या गायकाला हे कळल्यापासून तो त्या जागी तोंड उघडायला तयार नाही. येत्या रविवारी संध्याकाळी अल्बमचा कार्यक्रम आहे, त्यात तिथे तो गप्प उभा राहणार. ती जागा त्यांची आहे म्हणतो. (डॉक्टरचा वाण नाही पण गुण लागला.) तुझ्या घशाच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा ओरडायला परवानगी दिली आहे आणि ती तू दर महिन्याला ओल्या टॉवेलवरून वहिनीवर खर्च करतोस, हेही मला कळलं आहे. या महिन्यात वहिनीने टॉवेल रोज वाळत घातला आहे. आमच्यासाठी घातला आहे, एवढं लक्षात घे.

ता.क. ३. वरचं सगळं सोड. डॉक्टरचा निरोप आहे की दवाखान्यातली खुर्ची परत हवी आहे, पेशंट तक्रार करतात. रविवारी पाच वाजता, स्टेजच्या मधोमध. तशीच आणू नकोस, तू तिच्यावर बसलेला हवास.