होय म्हाराजा न म्हणता

बाबा, ज्या नियमामुळे तुला सरकारी बसवर घेतलं नाही, तोच नियम मी दुसऱ्याला लावला, हे तू असतास तर तुला आवडलं असतं का? मला सांगता येत नाही.

डिचोलीच्या खाणीवर ट्रक भरताना तू मुकादमाला पान्याने मारलंस आणि कोर्टात शिक्षा झाली, हे मला शाळेत असताना ठाऊकही नव्हतं. खाणी बंद पडल्या, तू बसच्या ड्रायव्हरसाठी अर्ज केलास, आणि पोलीस चौकशीत ते निघालं. मला अजून दिसतं, तू स्वयंपाकघरात चहात पाव बुडवतोयस, आई नियमाला शिव्या घालतेय. तू म्हणतोस, "लोकांची पोरां माझ्या गाडयेत बसतली. डायवर कोण तां तेंका कळूंक नको?" पाव भिजून कपाच्या तळाला गेला, तरी तू तो उचलला नाहीस.

आता आपल्या गावात, पार्श्यात, पंचायतीची निवडणूक आहे. काजूच्या बागेची हद्द सरकवायला ज्याने माणसं पाठवली, शेजाऱ्याचा हात कायमचा अधू केला आणि त्याबद्दल शिक्षा भोगली, तो उभा राहत होता. त्याने देवळात नारळ ठेवून पुजाऱ्याकडून देवाला गाऱ्हाणं, म्हणजे यशाचं मागणं, घालून घेतलं. "हेका येस दी रे म्हाराजा" म्हटल्यावर सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." मी गप्प. काकाने कोपर मारलं, तरी गप्प.

देवळाच्या पायऱ्यांवर तो उमेदवार हसत म्हणाला, "गो ग्रॅज्युएट, तोंड शिवलां काय? तुझो बापूस धुतल्या तांदळासारखो होतो?"

"नव्हतो. म्हणान तेका नोकरी मेळूंक ना. मगे तुका खुर्ची कित्याक?"

काका वाटेत एवढंच म्हणाला, "बापायची अब्रू चव्हाट्यार हाडलीस."

एका फटक्यासाठी तुझं दार जन्मभर बंद राहावं, हे मला अजून पटत नाही. शिक्षा भोगून आलेल्याला पोट भरता आलंच पाहिजे. पण हा पोटासाठी आलेला नाही, तो आमच्यावर अधिकार मागतोय. ज्याचा हात अधू झाला, त्याने उद्या घराच्या परवान्यासाठी याच्याच दारात उभं राहायचं? ड्रायव्हरला नियम लागतो तर पंचायतीतल्या पंचाला त्याहून कडक लागायला हवा.

उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी मी त्याच्या अर्जावर हरकत दाखल केली. त्यावर माझं पूर्ण नाव लिहायचं होतं. तुझ्या नावाशी पेन अडलं. नुसतं आद्याक्षर टाकावं असं वाटलं, हे तुला सांगायला हवं. मग पूर्ण लिहिलं. कारकुनाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, आणि तो उमेदवार माझ्याकडे वळून बघत असताना मी खाली सही केली.